सरांची कमांड

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं हे मलाच पटत नाही. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिलाच, म्हणून आधीच माफी मागतो. पण राग अजून गेलेला नाही.

भोरच्या कॉलेजात पोरं एकमेकांच्या फायली पुसायची. म्हणून लॅबच्या सरांनी फाईल पुसायची मूळ कमांड बाजूला ठेवून त्याच नावाची स्वतःची कमांड सगळ्या मशीनवर बसवली. ती आधी मराठीत विचारायची, ‘खरंच पुसायचं का?’ ‘हो’ लिहिलं तरच फाईल जायची.

पुढं सिस्टीमची अपडेट अर्ध्यात बंद पडू लागली. पहिलं बंद पडलं ते नेमकं मी बसलो होतो त्या मशीनवर. सर वर्गासमोर म्हणाले, “शेरडं वळणाऱ्याच्या हातात कीबोर्ड दिला की असंच व्हायचं.” मला लॅब बंद झाली. लॅब नाही म्हणजे प्रॅक्टिकल नाही, म्हणजे वर्ष गेलं. मार्गासनीच्या वरच्या वाडीत आमची शेरडं आहेत हे खरं. मी दप्तर उचलून बाहेर पडलो.

उत्रोलीचा एक मित्र लॅबमधून बंद पडलेल्या स्क्रीनचे फोटो पाठवायचा. ते मी एसटीत बसून वाचायचो. प्रत्येक अपडेट त्याच कमांडनं जुन्या फायली पुसताना थांबत होतं. अपडेट आपोआप चालतं, तिथं ‘हो’ लिहायला माणूस नसतो. उत्तर आलं नाही की सरांची कमांड नकार धरायची आणि पुढचं सगळं अडायचं.

सरांना एकटं गाठून हे सांगता आलं असतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. विभागप्रमुख मॅडमकडे गेलो. फोटो दाखवून सगळं सांगितलं आणि म्हणालो, “मॅडम, सर मला वर्गासमोर बोलले. हेही वर्गासमोरच तपासा.”

त्या ‘बघू’ म्हणाल्या. मी घरी आलो. शेरडांमागं फिरताना सरांचा चेहरा कसा होईल तेच डोळ्यांपुढं आणत राहिलो. त्या दिवसांत दुसरं काही गोड लागत नव्हतं.

शेवटी मित्राचा फोन आला. “सरांनीच कमांड काडली, मॅडम शेजारी उभ्या. लगेच अपडेट झालं बघ. पोरं समदी मागंच व्हती.”

“सरांचं तोंड?”

“पार उतरलं व्हतं.”

“परत सांग.”

“लेका, ते ऱ्हाऊ दे. तुजं नाव लागलंय प्रॅक्टिकलला. उद्या ये.”