एक बिल्ला, एकाहत्तर बाया

प्रेमिला रंगारी माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती भांडायलाच. दुकान म्हणजे जरीपटक्याच्या बाजारात एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन. तीस वर्षं मी इथे लोकांचे अर्ज टाइप करते. सवयीने मी सुरुवात केली, ‘आपणांस नम्र विनंती करण्यात येते की’. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

“विनंती नोका लिहू जी. मागणी लिहा.”

“अहो, साहेबलोकांना असंच लिहितात.”

“म्हणून तं ते फाडून फेकतात.”

मला राग आला. शिकलेल्या माणसाला कोणी शिकवलं की येतो तसा. पण खोटं कशाला बोलू, माझ्या हातून गेलेल्या हजारो विनंत्यांचं पुढे काय झालं, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. मी ‘मागणी’ लिहिलं.

प्रेमिला फरसाणच्या कारखान्यात पाकिटं भरायची, एकोणीस वर्षांपासून. तिथे एकाहत्तर बाया. त्यातल्या तेहतीस कायम, अडतीस ठेकेदाराच्या. काम सारखंच, माल वाहून आणणारा सरकता पट्टाही एकच. सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला एक पितळी बिल्ला टांगलेला असे. बाथरूमला जायचं तर तो गळ्यात घालून जायचं, परत येऊन टांगायचा, मग दुसरीने उठायचं. बिल्ल्याशिवाय उठली तर अर्धा दिवस कापला. म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नसत. नागपूरचा मे महिना, शेजारी उकळत्या तेलाच्या कढया, आणि घशाला कोरड. प्रेमिलाला मूतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, दिवसाला तीन लिटर पाणी प्या. ती हसली म्हणे. डॉक्टरांना वाटलं, बाईला कळलं नाही.

आदल्या वर्षी एकदा साऱ्या जणी चिडून मॅनेजर केयूर साहेबांच्या केबिनमध्ये घुसल्या होत्या. तिथे जी ती आपापलं रडगाणं गायला लागली. एकीला बसची वेळ जुळत नव्हती, दुसरीला पंख्याजवळची जागा हवी होती, तिसरीला भाचीला कामावर लावायचं होतं. साहेबांनी प्रत्येकीचं वेगळ्या कागदावर लिहून घेतलं. सात-आठ जणींचं काम केलं, बाकीच्यांना ‘बघतो’ म्हणाले. ज्यांचं झालं त्या गप्प, ज्यांचं नाही झालं त्या त्यांच्यावर फुगलेल्या. बिल्ला खिळ्यावर जसाच्या तसा.

प्रेमिलाने कानाला खडा लावला. तिच्या वस्तीत बायांचा बचत गट होता. त्याचे नियम तिला पाठ. बँकेत एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं. ठराव आधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, मग सह्या. तेच तिने कारखान्यात आणलं. दर रविवारी विहारात वंदना झाली की सतरंजीवर सभा. तीन रविवार नुसतं भांडण झालं, चौथ्या रविवारी मागण्या ठरल्या. पहिली मागणी बिल्ला काढा, सगळ्यांसाठी. मग युनियन नोंदवली, बोलणी करायला पाच जणी निवडल्या. तीन कायम, दोन ठेक्याच्या. आणि नियम असा की साहेबाने बोलावलं तर पाचही जणी जाणार, एकटी कोणी नाही.

साहेबांनी अर्थातच आधी एकटीलाच बोलावलं. “प्रेमिलाताई, तुम्ही समजूतदार आहात.” प्रेमिला दारातूनच म्हणाली, “चार समजूतदार अजून येऊन राहिल्या, थांबा.”

दोन महिने बोलणी चालली. साहेब वकिलाला विचारायचे, मालकाला विचारायचे, चहा पाजायचे. मग एक दिवस म्हणाले, “ठीक आहे. कायम कामगारांना बिल्ला माफ. ठेकेदाराच्या बायकांचं आम्ही काय सांगणार? त्या आमच्या नाहीतच.”

पाचही जणी बाहेर व्हरांड्यात आल्या. मोनाली कायम होती, पोरसवदा, नवीन लग्न झालेली. ती म्हणाली, “आपलं तं घेऊन घ्या ना, मावशी. त्याईचं मंग पाहू.”

ठेक्याची देवकी पाचांत नव्हती, पण काय ठरलं ते ऐकायला तिथेच उभी होती. पहाटे कन्हानहून बस धरून यायची. ती नुसती पदराचं टोक पिळत राहिली.

प्रेमिलाच्या कमरेत त्या दिवशीही कळ होती. हो म्हटलं असतं तर उद्यापासून तिला तीन लिटर पाणी पिता आलं असतं. “मले मोह झाला, मॅडम,” ती मला म्हणाली होती. “खोटं काहून बोलू? पन देवकी पट्ट्यावर माह्याच बाजूले बसते. मी उठून जाईन अन् ते दात आवळून बसन, तं ते पानी माह्या घशाखाली उतरन का? अन् मी रिटायर झाली का माह्या जागेवर कायम बाई थोडीच घेतीन? ठेक्याचीच घेतीन. पाच वर्षांत कायम कोनी उरनच नाई, मंग माफी कोनाले?”

शाळेत आम्हाला काड्यांच्या मोळीचा धडा होता. त्यात एवढं कुठे शिकवलं होतं? मोळी फोडणारा मोळी मोडत नाही, तो काही काड्यांना चंदन म्हणतो.

हाच हिशेब प्रेमिलाने व्हरांड्यात मांडला, आणि पाच जणी आत जाऊन ‘नाही’ म्हणून आल्या. मोनालीही.

सोमवारी आठच्या पाळीला एकाहत्तर बाया भरलेल्या बाटल्या घेऊन आल्या. पट्टा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी उभ्या-उभ्या पोटभर पाणी प्यायलं. साडेनवाला मोनाली उठली, बिल्ला गळ्यात घालून गेली, परत येऊन टांगला. मग दुसरी. मग तिसरी. कोणी घाई केली नाही, कोणी नियम मोडला नाही. बाकीच्या हात वर करून आपल्या पाळीची वाट बघत बसल्या. हात वर, मग पाकिटं कोण भरणार? शेव पट्ट्यावरून खाली सांडायला लागली.

सुपरवायझर अंकुश धावत आला. “अवं, जा ना वं साऱ्या! बिल्ला राहू द्या!”

“असं कसं, अंकुशभाऊ?” प्रेमिला म्हणाली. “नियम हाय. बिल्ल्याबिगर गेलं तं आर्धा दिवस कटते.”

बाराला पट्टा बंद पडला. मंगळवारीही पडला, बुधवारीही. तीन दिवसांत एकही बाई गैरहजर नव्हती, एकीनेही घोषणा दिली नव्हती. मला हे ऐकून इतका आनंद झाला की मी त्या दिवशी दुकानात कोणाकडूनच झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत.

शुक्रवारी कामगार अधिकाऱ्यांसमोर करार झाला. टाइप केलेल्या प्रती घेऊन मीही गेले होते. बिल्ला काढणार, दोन बाथरूम नवीन बांधणार, पट्टा थांबू नये म्हणून बदलीच्या बाया ठेवणार आणि त्यांच्या पाळ्या युनियनला विचारूनच लावणार. हे सगळं एकाहत्तर जणींना लागू. शेवटी नावांची यादी जोडायची होती. केयूर साहेबांनी आणलेल्या यादीत तेहतीसच नावं होती.

“बाकीच्यांची नावं माझ्याकडे नाहीत,” ते म्हणाले. “ठेकेदार नुसता आकडा पाठवतो.”

प्रेमिलाने सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं.

“बाहेर व्हरांड्यात उभ्या हायेत,” ती म्हणाली. “विचारा.”

साहेबांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. देवकी पहिली आत आली. सहा वर्षं ती त्यांच्या केबिनच्या काचेसमोर बसून पाकिटं भरत होती.

“नाव?”

“देवकी गजानन नेवारे.”

त्यांनी लिहिलं. ती हलली नाही. कागदाकडे बघून म्हणाली, “गजानन राहून गेलं, सायेब.”

त्यांनी गजानन लिहिलं. मग दुसरी आली, मग तिसरी. अडतीस नावं साहेबांनी एकेकीला विचारून आपल्या हाताने लिहिली, आणि शेवटचं नाव पुरं होईपर्यंत प्रेमिलाने पेनला हात लावला नाही.