सतराव्याची जागा

अहमदपूरच्या स्टँडवर लातूरची बस भरली होती. माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारेबुवा होते. बाजूच्या जागेवर त्यांनी बायकोसाठी रुमाल टाकला होता आणि मधूनमधून ते तो थोपटत होते. कंडक्टर म्हणाला, "रुमाल उचला, लोक उभे आहेत."

माझी मुलगी परीक्षेसाठी फ्रान्सचे राजे पाठ करत होती. लुई पंधरावा, सोळावा, अठरावा.

"सतरावा राहिला," मी म्हणालो.

"तो गादीवर बसलाच नाही, बाबा. लहानपणीच कैदेत वारला. पण नंबर त्याचाच ठेवला."

म्हातारेबुवा कंडक्टरकडं वळले. "ऐकलं का साहेब? मेलेल्याचा नंबर राखला त्यांनी. माझी म्हातारी तर जित्ती हाय. नळावर बाटली भरायलीय."

आजी चढल्यावर बस सुटली, सहा मिनिटं उशिरा.