बिस्किटांची जज

ब्रिस्किट म्हणजे बिस्किट, असं समजून मी बार्बेक्यूच्या स्पर्धेत जज व्हायला होकार दिला. हसा, हसा. माझ्या नातीही हसतात. पण त्यांना मी गोष्ट अर्धीच सांगते.

ऐंशीचं दशक, टेक्सासमधलं अर्विंग. आमच्या कुंपणापलीकडे एक म्हातारबाबा राहायचे. ते आणि त्यांची बायको दरवर्षी गावातल्या स्पर्धेत उतरायचे. मागच्या अंगणात लोखंडी पिंपातून धूर यायचा. मसाला ते कालवायचे, मीठ मात्र तिनंच घालायचं, असा त्यांचा रिवाज. त्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून बाबांची चवच गेली. कॉफीत साखर पडलीय की नाही, तेही त्यांना कळेना.

एकदा ते मसाला भाजत होते, तर मी कुंपणावरूनच सुनावलं, "जिरं कच्चं राहिलंय हं, आणि धणे जास्त झालेत." नुसत्या वासावरून! शहाणपण मिरवायची मला भारी हौस. बाबा मात्र खूश झाले.

"हनी, ब्रिस्किटला एक जज कमी पडतोय. तू ये. डब्यांवर नुसते नंबर असतात, माझा कुठला ते तुला कळायचं नाही. पण निकाल लागला की मला खरं सांगायचं, मीठ जमलं का. मला आता कळत नाही, आणि तिला तर विचारता येत नाही."

मी मनात म्हटलं, मसाल्याची बिस्किटं असतील, आपल्या खारीसारखी. नवऱ्याला विचारलं, तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बिस्किटं ना? जा की."

गेले. कांजीवरम नेसून, थर्मासमध्ये चहा घेऊन. बुडवून खायला!

छातीला 'जज'ची निळी रिबन लागली आणि आमची मान ताठ झाली. मग पहिला डबा उघडला. आत काळपट मांसाचे काप. शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, "हे कशाचं?" त्या म्हणाल्या, "बीफ. ब्रिस्किट दुसऱ्या कशाचं असणार?"

तेव्हाच उठून सांगायचं होतं की बायांनो, मी हे खात नाही. कुणी मला हाकलून दिलं नसतं. पण रिबन होती ना! मी प्रत्येक तुकडा ओठांपर्यंत नेला, नॅपकिनमध्ये गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. गुण दिले रंग बघून. चकाकणाऱ्याला जास्त, कोरड्याला कमी. मधूनच डोळे मिटून "हंऽऽ" सुद्धा केलं. काय ते नाटक!

नातींना मी इथपर्यंतच सांगते. पर्सला महिनाभर धुराचा वास येत होता, म्हणून ह्यांनी ती गॅरेजमध्ये टांगली, एवढं सांगितलं की त्या लोळतात हसून.

पुढचं असं. बाबांना बक्षीस मिळालं नाही. ते हॅट हातात घेऊन माझ्याकडे आले.

"माझा चार नंबर होता. बक्षिसाचं जाऊ दे. मीठ?"

चार नंबर चांगला चकाकत होता, एवढंच मला आठवत होतं.

"अगदी बेताचं," मी म्हटलं. "तुमच्या बायकोनं घातल्यासारखं."

हे शेवटचं वाक्य मला कुणी बोलायला सांगितलं होतं? पण जीभ सैल सुटली की सुटली. बाबांचा चेहरा असा उजळला! त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि संध्याकाळी त्यांच्या अंगणातून शीळ ऐकू आली. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. मला स्वतःचं कौतुक वाटलं, म्हाताऱ्याला खूश केलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. बाबा कुंपणापाशी आले. गाडीतलं सामान काढताना सापडलेला मिठाचा डबा त्यांच्या हातात होता. वरचं सील तसंच, न फाडलेलं. मी डबा पाहिला, आणि हातातला टॉवेल हातातच राहिला.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. डबा कुंपणावर ठेवून म्हणाले, "मीठ घालायचंच राहिलं होतं, हनी. तू हे खात नाहीस एवढं सांगितलं असतंस, तर मी तुला तिथल्याच बीन्सच्या स्पर्धेची जज केलं असतं."