पालखीकडे पाठ

भय्यासाहेब पारनेरकरांचा उज्जैनला गोपाळ मंदिराजवळ फोटो स्टुडिओ होता, पण त्यांचा जीव रमायचा रस्त्यावर. श्रावणात महाकालाची सवारी निघाली की सारा गाव पालखीचा फोटो काढी, आणि हे गृहस्थ पालखीकडे पाठ करून दुकानांचे! समोरचा हलवाई ओरडायचा, "अरे पंडित, भगवान को पीठ दिखाता है?" घरी बायको कुसुमताई करवादायच्या, "पुण्य तर नाहीच, वर रीळ फुकट!"

पुढे रस्ता रुंद झाला आणि ती दुकानं गेली.

परवा जयू आली. बांगड्यांच्या दुकानातल्या मनोरमाबाईंची ही लेक. आई गेली तेव्हा तान्ही होती.

"काका, आईचा एकही फोटो नाही हो. कशी दिसायची तेही मला ठाऊक नाही. तुमच्याकडे असेल?"

म्हातारबुवांनी पेट्याच्या पेट्या उपसल्या. चहा गार झाला, दुपार टळली, तेव्हा कुठे बांगड्यांचं दुकान सापडलं. पायरीवर मनोरमाबाई उभ्या. कडेवर जयू, आणि आईनं एका हातानं तिचे इवले हात देवाला जोडून धरलेले.

जयूनं फोटो उजेडात धरून डोळ्यांजवळ नेला. मग एकदम हसली, "अय्या, नाक तर माझंच की!"

"तुझं कसलं? तिचं!" कुसुमताई डोळे पुसत म्हणाल्या.

भय्यासाहेबांनी मनोमन महाकालाला हात जोडले. त्याची पालखी नसती, तर गिऱ्हाईक सोडून मनोरमाबाई पायरीवर आल्या असत्या कशाला?