गेरूच्या रेघा

सन १८६४. मी एकवीस वर्षांचा होतो. हे मी बायकोले कधी सांगितलं नाही. पाद्रीसाहेबांपुढे गुडघे टेकून बाकीची पापं कबूल केली, तेव्हाही — एवढं एक गिळलं.

अमरावतीच्या आमच्या चर्चात स्तोत्रं विलायती चालीवर गात. एकाच सुरावर शब्द ओढत न्यायचे आणि ओळीच्या शेवटाकडे ठरलेल्या शब्दावर गळा वळवायचा. पण ओळी लहानमोठ्या. कोणत्या शब्दावर वळायचं, हे कोणाले कळे? मले. नुसत्या कानानं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहून गात. चार बुकंही न शिकलेल्या माणसाकडे — याहून काय पाहिजे होतं मले?

मग अकोल्याहून गंगाराम रंगारी आला. त्यानं मांजरपाटाच्या जाड्याभरड्या कापडावर कोळशानं मोठ्या अक्षरांत स्तोत्र लिहिलं, अन् वळायच्या शब्दाखाली गेरूची रेघ ओढली. झालं. अक्षर जेमतेम लावणाऱ्या, कापसातली सरकी काढणाऱ्या बायाही बिनचूक गाऊ लागल्या. त्यातली एक हसून म्हणाली, "दादा, आता तुमी बसा. रेघ हाय ना." तिच्या मनात काही नव्हतं. मले मात्र लागलं.

शनिवारी दुपारी चर्चात कोणी नव्हतं. मी ओल्या बोटानं दर ओळीतली रेघ पुसली — आणि शेजारच्या शब्दाखाली ओढली. रविवारी त्याची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. एवढंच?

त्याच संध्याकाळी गंगारामची पोर पटकीनं गेली.

रविवारी तोच मांजरपाट कबरीपाशी धरला. तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोललो. जुने सवयीनं वळले, नवे रेघेवर वळले — सूर फाटले, मग एकेक जण गप्प झाला. कुंपणापलीकडे कापसाच्या गाड्या थांबल्या होत्या. गाडीवाले हसले. मी गळा उघडला असता तर सगळे सावरले असते. मी तोंड मिटून उभा राहिलो.

गंगाराम मातीकडे पाहत म्हणाला, "चूक माह्यीच, दादा. लेकीले नीट गाऊनबी धाडता नाही आलं."

पुन्हा तो कधी गायला नाही.

आता माझाही गळा गेला. शिक्षा म्हणाल? नाही, म्हातारपण आहे ते.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेघा पुसून जागच्या जागी ओढल्या. मग मंडळीले गोळा करून सांगितलं — गंगारामची चूक मी सुधारली आहे, आता माझ्या मागं गा.