करवलीची चिंधी

चिंध्या आणि किस्से टाकून द्यायची मला सवय नाही. मशीनखालच्या पाटीत चिंध्या साठतात तसे हे किस्से माझ्यापाशी साठत गेले, आणि आता पाटी उतू चाललीय. मला कोणी शाळेत घातलं नाही. लिहायला मीच शिकले, मशीनही मीच शिकले. तेव्हा चुका काढायला बसू नका.

युद्ध चालू होतं. आमचे मालक पलटणीत. एकदा रजेवर येताना पाचगणीच्या कुणा मडमेचं हातमशीन घेऊन आले, ती विलायतेला परत निघाली होती. साताऱ्यात आमच्या गल्लीत बाईनं मशीन चालवायचं म्हणजे नवलच. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या चंचीतून सुपारी काढत म्हणाल्या, "बाप्याचं काम हाय त्ये. चंपीच्या लग्नाच्या गोधड्या हातानंच व्हत्याल."

चंपी म्हणजे माझी धाकटी नणंद. मी म्हटलं, "मशीनवर करून दाखवते."

"दाखव की. पर एक जरी बिघडली, तर मशीन शिंपीमास्तराच्या दुकानात. कवाधरनं मागतोय त्यो."

झालं. मशीन घरात राहणार की जाणार, ते चंपीच्या गोधड्यांवर येऊन ठेपलं.

*

पहिल्याच टाक्याला मशीननं गोधडीची कड गिळली. खाली दोऱ्याचं घरटं. ते सोडवायला मी, चंपी आणि शेजारची सखूबाई अशा तिघी बसलो. सखूबाई माणदेशातली, धनगराची लेक, तोंडानं फटकळ.

ती म्हणाली, "वैनी, तुमच्या मशीनला भूक लागलीया. आदी कायतरी खाया घाला, मंग कामाला जुपा."

तिनं चेष्टा केली, पण माझं डोकं चाललं. जुन्या लुगड्याची चिंधी घेतली, गोधडीइतकी जाड होईल अशी घडी घातली आणि सुईखाली सरकवली. तिच्यावर दोन बोटं शिवलं, आणि दोरा न तोडता तिच्या पाठीला लावून गोधडी पुढं सारली. कड न चावता टीप सरळ! शेवटालाही तेच केलं. गोधडी संपली की लगेच दुसरी चिंधी. मधला दोरा कापायचा, चिंधी सुईखालीच ठेवायची. पुढच्या टिपेला तीच पुढं. दोरा वाया जात नाही, आणि दुकानात रीळ मिळायची मारामार असताना हे काही थोडं नव्हतं.

चंपी बघत होती. म्हणाली, "नवरीच्या पुढंबी करवली, मागंबी करवली."

त्या दिवसापासून आमच्याकडं त्या चिंधीचं नाव करवली.

*

सखूबाईलाही हुक्की आली. "मला बी शिवू द्या." बसली मांडी ठोकून. करवली म्हणून मांडीवरचं कापड ओढलं, घडी घातली आणि झोकात टीप मारली. तेवढ्यात बाहेरून तिच्या नवऱ्यानं हाक दिली, "अगं, यायचं हाय का न्हाई?"

ती उठली, तर मागोमाग गोधडी उठली, गोधडीमागं मशीन सरकलं. करवली म्हणून बाईनं स्वतःचाच पदर शिवला होता.

ती तशीच खाली बसली आणि ओरडली, "तुमी व्हा म्होरं. मी वऱ्हाडात अडकलीया."

*

एकदा गल्लीच्या टोकाच्या वकिलीणबाई गोधड्या बघायला आल्या. फार शिष्ट बाई. गोधड्यांकडं ढुंकूनही बघेनात, पण मशीनखाली एक जुनी करवली पडली होती ती उचलली. शेकडो टिपा आडव्यातिडव्या बसून तिचा नुसता पुठ्ठा झाला होता.

"हे कुठलं डिझाइन म्हणायचं?"

मी म्हटलं, "पाचगणीचं. मडमांकडं हेच चालतं."

सखूबाईनं हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. वकिलीणबाईंनी ती चिंधी मागून नेली. पुढं हळदीकुंकवाला गेलो, तर त्यांच्या टेबलावर फुलदाणीखाली आमची करवली. आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलंच नाही.

*

मग निळी करवली हरवली. ती माझी लाडकी, खणासारखी घट्ट. मी सखूबाईवर आळ घेतला. ती भडकली. "माज्या घरात घोंगडी हायती. तुमच्या चिंधीचं काय, तंबू ठोकू?" आमचा अबोला झाला.

आत्याबाई सुपारी कातरत म्हणाल्या, "चिंधीवरनं भांडत्यात, आन् म्हनं मशीन चालवत्यात. जावा, तू आन् चंपी नदीवर धुणं धुऊन या. मी हाय घरी."

हल्ली त्या आम्हाला रोजच नदीवर धाडायच्या.

*

लग्न तोंडावर आलं. शेवटची गोधडी तेवढी राहिली होती, आणि आदल्या गोधडीच्या कोपऱ्यात आत्याबाईंना एक चुणी सापडली. "शब्द म्हंजी शब्द," म्हणाल्या, आणि मास्तराला निरोप धाडला. मशीन आता जाणार, हे दिसतच होतं. पण त्यांच्यापुढं रडायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

मास्तर आला. मशीन उलटंपालटं बघितलं. "चालवून बघतो," म्हणत चंपीची शेवटची गोधडी ओढली, कड थेट सुईखाली धरली आणि दांडा फिरवला. खट्! कड आत, दोऱ्याचं घरटं खाली.

"भंगार हाय वो हे," मास्तर म्हणाला. "पर बघतो, न्हेतो."

आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या, पान थुंकून आल्या.

"सरका मास्तर."

मास्तर सरकला. त्यांनी कड सोडवली, कनवटीला हात घातला आणि घडी घातलेली निळी चिंधी काढली. माझी निळी करवली. तिच्यावर लाल दोऱ्याच्या टिपाच टिपा, पहिल्या वाकड्या, मग सरळ, मग ओळंब्यात. आम्ही कधी लाल दोरा वापरलाच नव्हता. घरात लाल रीळ एकच, आत्याबाईंच्या चंचीतलं.

त्यांनी चिंधी सुईखाली सारली, दोन बोटं शिवलं, मागोमाग गोधडी लावली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टीप मारली.

"करवलीबिगर नवरी निघती व्हय, मास्तर?"

मग माझ्याकडं वळल्या. "बघतीस काय गं? मास्तरास्नी च्या टाक. आन् मशीनला हात लावू नगंस, माजी टीप ऱ्हायलीया अजून."