नारळाचं पाणी आणि तुळशीची चांदी

कराडच्या आमच्या कॉलेजात नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं. माझी विद्यार्थिनी चांदीच्या क्षाराच्या द्रावणात तुळशीचा अर्क घालून चांदीचे अतिसूक्ष्म कण करून दाखवणार होती. हे कण जिवाणू मारतात आणि ते तयार होताना फिकट द्रावण तपकिरी होतं. मुलगी एवढं शिकून करते तरी काय, हे बघायला तिची आई शिराळ्याहून मुद्दाम आली होती.

आपल्याकडे नारळाशिवाय काहीही सुरू होत नाही. प्रमुख पाहुण्यांनी प्रयोगाच्या ओट्यावरच नारळ फोडला आणि पाणी थेट तिच्या द्रावणाच्या फ्लास्कमध्ये उडालं. नारळपाण्यातल्या क्षारांनी चांदी पकडली आणि द्रावण दुधासारखं पांढरं झालं. हाच प्रयोग असं समजून टाळ्या पडल्या. पाहुणे खूश होऊन विज्ञान आणि संस्कृती यांच्या संगमावर बोलू लागले.

मुलगी रडकुंडीला आली. "सर, आई बघतीय."

"मग दुसरा फ्लास्क लाव. भाषण चालू आहे तोवर वेळेची चिंता नाही."

तिनं नवं मिश्रण खिडकीतल्या उन्हात ठेवलं. भाषण राष्ट्रनिर्माणाला पोचलं तेव्हा ते पिवळसर झालं होतं. आभारप्रदर्शन संपेपर्यंत चांगलं तपकिरी झालं.

पाहुणे जेवायला गेले, तशी आई फ्लास्कजवळ आली.

"आवं सर, ह्यात चांदी कुठं हाय?"

"हा रंग चांदीचाच आहे."

तिनं फ्लास्क उजेडात धरून निरखला. "चांगल्या चांदीचा चहा करायला एवढी शिकलीस व्हय गं?" असं म्हणत तिनं लेकीच्या गालांवरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.